पट्ट्या चालू असताना मशीनला हात लावू नका

प्रश्न : ताई, नमस्कार. मी शाहूपुरीतल्या एका गूळ अडत पेढीवर दिवाणजी आहे, चोवीस वर्षं झाली. पेढीवरचा कॉम्प्युटर २०१२ सालचा. विंडोज ७, ऑफिस २००७, रॅम २ जीबी. शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे त्याच्या मालाच्या विक्रीचा हिशेब, आम्ही एक्सेलमध्येच काढतो. पट्टीची फाइल तर त्याच्याही आधीची, ऑफिस २००३ मधली. एका पोरानं तेव्हा बनवून दिली होती, तो आता पुण्याला असतो आणि फोन उचलत नाही. रवे (गुळाच्या ढेपा), वजन आणि दर टाकला की रक्कम येते, खर्च वजा होतो आणि खाली मराठीत 'अक्षरी रुपये'सुद्धा आपोआप उमटतात. फॉन्ट कृतिदेव. प्रिंट डॉट मॅट्रिक्सवर, तीन प्रतींच्या कार्बनच्या कागदावर.

अडचण अशी, की नवे सीए साहेब जी एक्सेलची फाइल पाठवतात ती उघडते, पण त्यात एखादा आकडा बदलला की रकान्यात 'नेम' आणि पुढं प्रश्नचिन्ह येतं. धाकटे मालक म्हणतात, नवं ऑफिस घाला, वर्षाचे पैसे भरून टाकू. थोरले मालक म्हणतात, चालतंय ते चालू दे. कॉम्प्युटरवाला म्हणतो, एसएसडी (चकती नसलेली नवी डिस्क) आणि रॅम घालतो, नव्यासारखा पळेल, मग त्याच्यावर नवं ऑफिस टाकू. २०१९ च्या पुरात हाच डबा मी माळ्यावर चढवून वाचवलाय, त्यामुळं माझा जीवही त्यात अडकलाय. दिवाळी पाडव्याचा सौदा पंधरा दिवसांवर आलाय. काय करू?

— एक दिवाणजी, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : दिवाणजी, तुमचं पत्र हातात पडलं त्याच दिवशी मी फोनवर तुम्हाला एवढंच सांगितलं होतं, की आत्ता काहीही करू नका. हा अंक तुमच्यापर्यंत पोचेल तेव्हा पाडव्याचा मुहूर्त होऊन गेलेला असेल आणि मार्केट यार्डात सौदे जोरात असतील. आता सविस्तर सांगते. तुम्हीही रात्री पेढी बंद झाल्यावरच वाचा.

फोनवर एवढ्या ठामपणे का बोलले, ते आधी. राजारामपुरीत माझं डीटीपीचं दुकान आहे. २०१३ च्या सप्टेंबरात मी ऑफिस २००३ काढून २०१० घातलं. भाच्यानं आग्रह केला आणि एका दुपारी बसून करूनही दिलं. सप्टेंबर म्हणजे आमच्याकडं पतसंस्थांच्या अहवालांचा महिना. वार्षिक सभा तीस तारखेच्या आत घ्यायची असते आणि त्याआधी अहवाल सभासदांच्या हातात पडायला हवा असतो. एका संस्थेचा अहवाल मी ४८ पानांत जुळवून ठेवला होता, सोळा पानांचे बरोब्बर तीन फॉर्म. छपाईवाल्यानं कागदही आणून ठेवलेला. ऐन वेळी दोन ठराव वाढले म्हणून मी सगळा मजकूर उचलून नव्या फाइलमध्ये घेतला, तर अहवाल झाला ५३ पानांचा. ठराव दोन आणि पानं पाच! रात्री अकरापर्यंत मी ताळेबंदातली अक्षरं बारीक करत बसले होते, शेवटी जागेचा उलगडा दुसऱ्या दिवशी झाला. जुन्या वर्डमध्ये नवी फाइल घेतली की ओळी एकेरी अंतरावर पडायच्या. २००७ पासून ते अंतर १.१५ झालं आणि प्रत्येक परिच्छेदाखाली १० पॉइंटांची मोकळी जागा आपसूक यायला लागली. दोन खटक्यांचं काम होतं. पण सगळे मेनू जागा सोडून इकडचे तिकडं झालेले, त्यामुळं ते दोन खटके मला सापडलेच नाहीत. संस्थेचे सचिव दुकानाच्या पायरीवर बसून होते, ते वेगळंच. प्रोग्रॅम चांगलाच होता, आजही माझ्या एका मशीनवर तो आहे. वेळ मी चुकीची काढली.

तुमच्या पेढीचा सप्टेंबर आता चालू आहे. दारात शेतकरी पट्टीसाठी उभा असताना तुम्ही मेनू शोधत बसलात तर तो धाकट्या मालकांना नव्हे, तुम्हाला बोलणार.

आता सीए साहेबांची फाइल. तुमच्या पत्रात खरी तक्रार एवढी एकच आहे. बाकी सगळं तुमचं चाललेलं आहे. पुढच्या वेळी फाइल आली की काही बदलायच्या आधी त्या रकान्यावर जा आणि वर फॉर्म्युला बारमध्ये काय लिहिलंय ते वाचा. बरोबरच्या चिन्हापुढं 'एक्स-एल-एफ-एन' अशी अक्षरं, मग टिंब आणि पुढं बहुतेक 'एक्सलुकअप' असेल. नव्या एक्सेलमधला फॉर्म्युला जुन्या एक्सेलला कळला नाही की तो त्याच्या कपाळावर ही अक्षरं चिकटवतो. एक्सलुकअप, म्हणजे यादीतून हवी ती नोंद शोधून आणणारा फॉर्म्युला, हा ऑफिस २०२१ मध्ये आणि वर्षाच्या भाड्याच्या ऑफिसमध्ये आहे, तुमच्या २००७ ला त्याची गंधवार्ता नाही. फाइल उघडताना आकडे बरोबर दिसतात, कारण सीए साहेबांच्या मशीननं शेवटचं जे उत्तर काढलं होतं ते तसंच जपून ठेवलेलं असतं. तुम्ही एक आकडा बदललात की एक्सेल पुन्हा हिशेब करायला बसतं, फॉर्म्युला ओळखू येत नाही, आणि 'नेम' म्हणून ओरडतं.

यावर पहिला उपाय फुकटातला आहे. सीए साहेबांना सांगा, की आमच्याकडं जुनं एक्सेल आहे, एकतर त्याच कामाचा जुना फॉर्म्युला व्हीलुकअप वापरा, नाहीतर फॉर्म्युले काढून नुसते आकडे चिकटवून पाठवा. त्यांच्याकडं हे दोन मिनिटांचं काम आहे. सांगायला संकोच करू नका, त्यांच्या निम्म्या अशिलांकडं असलीच मशीनं असणार. दुसरा उपायही फुकटच. लिब्रे ऑफिस नावाचा प्रोग्रॅम आहे, त्याला २४.८ या आवृत्तीपासून एक्सलुकअप कळतो. मात्र २५.८ पासून त्यांनी विंडोज ७ ला सोडचिठ्ठी दिली आहे. म्हणजे तुमच्या मशीनला मधलीच आवृत्ती लागेल, २४.८ किंवा २५.२. पेढीवर एखादा बरा लॅपटॉप असेल, धाकट्या मालकांचा असेलच, तर त्यावर टाका. तिथं सीएंची फाइल उघडा आणि पट्टीच्या मशीनला त्यातलं काही दाखवूच नका.

एवढ्यानं तुमची तक्रार मिटली, पण तुम्ही विचारलंय ते मोठं आहे, म्हणून पुढं लिहिते.

नवं ऑफिस त्या डब्यावर बसणारच नाही. ऑफिस २०१९ आणि त्याच्या पुढची सगळी विंडोज १० च्या खाली चालत नाहीत. विंडोज ७ वर बसणारं शेवटचं म्हणजे ऑफिस २०१६, आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्ट कंपनीनं त्याचे अपडेट बंद केले. त्याच दिवशी विंडोज १० चेही बंद झाले. मग विंडोज ११ घालू म्हणाल, तर त्याला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. २०१२ च्या मशीनमध्ये दोन्ही नाहीत. जुगाड करून चढवणारे भेटतील. माझ्याकडं असली दोन मशीनं दुरुस्तीला आली होती, तिसरं आलं तर मी परत पाठवणार आहे. थोडक्यात, ऑफिससाठी विंडोज आणि विंडोजसाठी मशीन, अशी ही ओढ लागते. कॉम्प्युटरवाल्यानं तुम्हाला मधलंच टोक दाखवलं.

रॅमचंही असंच. तुमच्या मशीनवर विंडोज ७ चं ३२ बिट असेल, आणि २ जीबी रॅमवाल्यांत बहुधा तेच असतं, तर ४ जीबीच्या वरची रॅम त्याला दिसतच नाही. त्या चारातलीही थोडी तो बाजूला ठेवतो. 'कॉम्प्युटर'च्या चित्रावर उजवं बटण दाबून प्रॉपर्टीज उघडा, तिथं लिहिलेलं असतं. ८ जीबी घालून देतो म्हणाला तर आधी हे दाखवा त्याला.

एसएसडीचं मात्र तो बरोबर बोलतोय, कारण वेगळं असलं तरी. मशीन पळण्याशी मला कर्तव्य नाही, गुळाची पट्टी काढायला असा किती वेग लागतो? ऑफिस २००७ चालायला कंपनीनं २५६ एमबी रॅम पुरे म्हटलं होतं, तुमच्याकडं त्याच्या आठपट आहे. मला भीती आहे ती हार्ड डिस्कची. ती २०१२ पासून फिरतेय. पुरात माळ्यावर चढवून तुम्ही तिला पाण्यापासून वाचवलंत, त्याचं कौतुक आहे. पण आतली चकती झिजायला पंचगंगेचं पाणी लागत नाही. एक दिवस सकाळी कुदळ मारल्यासारखा 'टक टक' आवाज येतो आणि मशीन काळ्या पडद्यावर थांबतं. मग ती पट्टीची फाइल, तो पुण्याला गेलेला पोरगा आणि फोन न उचलणं, हे सगळं एकदम आठवतं.

म्हणून खर्च करायचाच तर आधी इथं करा. एका रविवारी, यार्डात सौदा नसेल तेव्हा, जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल एसएसडीवर काढून घ्या. आमच्याकडं याला क्लोन करणं म्हणतात. ऑफिस, फॉन्ट, प्रिंटर, पट्टीची फाइल सगळं जागच्या जागी राहतं, काही नव्यानं बसवावं लागत नाही. नक्कल करताना जुन्या डिस्कवर फक्त वाचन होतं, त्यामुळं बिघडलंच तर जुनी पुन्हा जोडता येते. काम झाल्यावर ती डिस्क वर्तमानपत्रात गुंडाळून तिजोरीत ठेवा. 'फॉरमॅट करून नव्यानं टाकतो' असं कोणी म्हणालं तर त्याला चहा पाजून परत पाठवा. ऑफिस २००७ ची सीडी आणि तिच्यावरची पंचवीस अक्षरांची की तुमच्याकडं आहे का? मला शंका आहे.

रविवारपर्यंत थांबायचं नसेल तर आजच पट्टीची फाइल आणि फॉन्टची फाइल पेन ड्राइव्हवर घ्या. फॉन्टची विसरू नका.

आणि त्या मशीनवरून बँक उघडायची नाही. विंडोज ७ चे अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबले, क्रोमनंही १०९ या आवृत्तीनंतर २०२३ मध्ये त्याला सोडलं. इंटरनेटची वायरच काढून ठेवलीत तर उत्तम, पट्टीला ती लागत नाही. शेतकऱ्याला व्हॉट्सअॅपवर पट्टी पाठवायची असेल तर पीडीएफ काढा. ऑफिस २००७ चं दुसरं सर्व्हिस पॅक असेल तर 'सेव्ह अॅज'मध्येच पीडीएफ दिसेल. पीडीएफमध्ये फॉन्ट आत बसून जातो, त्यामुळं समोरच्याच्या मोबाइलवर कृतिदेव नसला तरी मराठी वाचता येतं. मागच्या सगळ्या हंगामांच्या पट्ट्याही सवडीनं अशाच पीडीएफ करून ठेवा.

आता तुमच्या कामातला अवघड भाग. याबद्दल कॉम्प्युटरवाला काही बोललेला दिसत नाही, धाकट्या मालकांना तर याची कल्पनाही नसणार.

कृतिदेवमध्ये तुम्ही 'गूळ' लिहिता तेव्हा बोटांनी इंग्रजी एक्स, मग डब्ल्यू आणि मग शिफ्ट धरून जी दाबता. मशीन साठवतं तेही हेच, एक्स-डब्ल्यू-जी. फॉन्ट त्यावर मराठीचा मुखवटा चढवतो. आज ना उद्या नव्या मशीनवर जायचं तर ही सगळी नावं युनिकोडमध्ये, म्हणजे मशीन खरी मराठी अक्षरंच साठवतं त्या पद्धतीत, न्यावी लागतील. फॉन्ट उचलून नव्या मशीनवर टाकला तर पट्टी तशीच दिसेल, हेही खरं, आणि पहिल्या हंगामात तेवढंच केलंत तरी मी नावं ठेवणार नाही. पण एखाद्या शेतकऱ्याचं नाव शोधायचं, सीएंना यादी द्यायची, मोबाइलवरून मजकूर घ्यायचा, तर युनिकोडशिवाय गत्यंतर नाही. रूपांतर करून देणारे प्रोग्रॅम आहेत. बरेचसे हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेले असतात, त्यामुळं 'पाटील' आणि 'चौगले' सुखरूप पोचतात आणि 'कुऱ्हाडे' वाटेत अडखळतात. तो 'ऱ्ह' हिंदीत नाहीच. यादी रूपांतरित झाली की ऱ्य आणि ऱ्ह असलेली नावं एकेक करून हातानं तपासा. पट्टीवर आपलं नाव चुकलेलं शेतकऱ्याला चालत नाही, आणि ते बरोबरच आहे.

'अक्षरी रुपये' याहून चिवट आहे. त्या पोरानं मॅक्रो, म्हणजे फाइलच्या आतला छोटा प्रोग्रॅम, लिहिलेला असणार. इंग्रजीत वीसच्या पुढं शब्दांचे तुकडे जोडून भागतं. मराठीत एकोणीस, एकोणतीस, त्रेपन्न, अठ्ठ्याहत्तर, प्रत्येक आकड्याचं नाव निराळं, म्हणून त्यानं मॅक्रोच्या आत शून्य ते नव्व्याण्णवपर्यंतचे शब्द एकाखाली एक लिहिलेले असतील, तेही कृतिदेवच्या इंग्रजी अक्षरांत. ते युनिकोडमध्ये बदलायला कोणी बसलं, की मॅक्रोच्या खिडकीत मराठीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उमटतात. नव्यात नव्या ऑफिसमध्येही उमटतात, ती खिडकी देवनागरी जाणतच नाही. माझे दोन दिवस यात गेले होते. तोडगा सोपा निघाला. शब्द मॅक्रोत लिहायचेच नाहीत. फाइलमध्ये एक वेगळं पान घ्या, पहिल्या रकान्यात शून्य ते नव्व्याण्णव आकडे, दुसऱ्यात त्यांचे मराठी शब्द, आणि फॉर्म्युल्यानं तिथून शब्द उचलून आणा. हजार, लाख असे पाडून जोडायचे. जो कोणी करून देईल त्याला एवढं वाक्य वाचून दाखवा, त्याचे दोन दिवस वाचतील. आणि नवं ऑफिस घेताना ३२ बिट बसवायला सांगा. हल्ली आपसूक ६४ बिट बसतं आणि जुन्या मॅक्रोंतले काही त्यावर रुसतात.

प्रिंटरची मागची बाजू बघा. चौकोनी यूएसबी असेल तर चिंता नाही. नुसतं रुंद, पिनांचं पॅरलल पोर्ट असेल तर नव्या मशीनला तसं भोक नसतं. मध्ये जोडायची केबल मिळते, पण पैसे द्यायच्या आधी स्वतःच्या प्रिंटरवर, स्वतःच्या तीन प्रतींच्या कागदावर एक पट्टी काढून बघा. लेझर प्रिंटर घ्या म्हणतील. कार्बनवर हातोडी पडल्याशिवाय खालच्या दोन प्रती उमटत नाहीत, हे त्यांना ठाऊक नसतं.

हे सगळं गुढीपाडव्यानंतर करा, आवक मंदावली की. तेव्हा मशीन नवंच घ्या, जुन्यात जीव ओतू नका. धाकटे मालक वर्षाच्या भाड्याचं ऑफिस म्हणतात, त्यांना एक विचारा : पैसे भरायचे राहिले तर काय होतं? फाइल उघडते, छापता येते, पण नवा आकडा टाकता येत नाही. ऐन सौद्याच्या दिवशी हे झालं तर? तुम्हाला लागतं ते एक्सेल, आणि तेही एका मशीनवर. एकदाच पैसे भरून मिळणारं ऑफिस २०२४ घ्या, त्याला ऑक्टोबर २०२९ पर्यंत अपडेट आहेत. पाच जणांनी पाच ठिकाणांहून एकच फाइल उघडायची असेल तेव्हा भाड्याचं बघू.

महिनाभर दोन्ही मशीनांवर पट्टी काढायची. समजा ४२ रवे आले, तीस किलोंचे, म्हणजे १,२६० किलो. दर क्विंटलला ४,५०० लागला. दोन्हीकडं ५६,७०० यायला हवेत आणि दोन्हीकडं खाली 'छप्पन्न हजार सातशे' उमटायला हवं. हमाली, तोलाई वजा जाऊन शेवटचा रुपयाही जुळला पाहिजे. मुद्दाम वाकडे आकडेही टाकून बघा, अर्धवट वजनाचा रवा, पैशांतला दर, एक लाखाच्या वरची रक्कम. महिनाभर जुळलं की मग जुना डबा कपाटावर ठेवा. थोरल्या मालकांना म्हणावं, विकायचा नाही, पुढच्या पाडव्यापर्यंत तरी.

प्रश्न : माझ्या मित्रानं चारशे रुपयांत 'आजीवन' ऑफिसची की ऑनलाइन घेतली. आठ महिने झाले, चालतेय. मीही घेऊ का? दुकानदार याच्या कितीतरी पट सांगतो.

— एक शिक्षक, कागल

उत्तर : सर, त्या चारशे रुपयांचं बिल मित्राकडं आहे का, ते विचारा. ही की बहुधा कुठल्यातरी कंपनीला किंवा शिक्षणसंस्थेला घाऊक मिळालेल्यातली असते आणि सुटी करून विकलेली असते. मायक्रोसॉफ्टच्या लक्षात आलं की ती बंद पडते. तुमची सात महिन्यांनी पडेल की सात वर्षांनी, हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. माझ्या एका गिऱ्हाइकाची पडली ती निकालपत्रकांच्या आठवड्यात. विकणाऱ्याचा नंबर तेव्हा लागत नव्हता.

कीच्या बरोबर एखादा लहानसा प्रोग्रॅम देऊन 'हा चालवताना अँटिव्हायरस बंद ठेवा' असं सांगत असतील, तर पुढं विचारूच नका. दाराला कुलूप लावणारा माणूस आधी चौकीदाराला घरी पाठवा म्हणतो, तसं ते आहे.

निकालपत्रक, प्रश्नपत्रिका आणि अर्ज एवढंच काम असेल तर लिब्रे ऑफिसवर ते होतं, माझ्याकडं शिकाऊ मुली त्यावरच शिकतात. युनिकोड मराठी त्यात नीट चालतं. फाइल दुसऱ्याला द्यायची असेल तर वर्डच्या प्रकारात सेव्ह करा. तक्ते असलेलं काही असेल तर सोबत पीडीएफही द्या, कारण तक्त्यांच्या रेघा एखादेवेळी सरकतात.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे, रंकाळ्याजवळ राहते. नातवंडांसाठी माझ्या माहेरच्या आठवणी टाइप करतेय, १४० पानं झाली. २०१९ साली घेतलेला कॉम्प्युटर, विंडोज १०, ऑफिस २०१६. मुलगा अमेरिकेतून म्हणतो, तुझ्या ऑफिसची मुदत संपली. मग माझ्या फाइली उघडणार नाहीत का? दोन रात्री झोप नाही.

— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : बाई, झोपा. फाइली उघडतील. मुदत संपली म्हणजे १४ ऑक्टोबर २०२५ पासून कंपनी त्यातली भोकं बुजवून देत नाही. ऑफिस उद्याही उघडेल, परवाही, आणि त्यात टाइपही करता येईल. तुम्ही फक्त स्वतः लिहिलेल्या फाइली उघडता, ईमेलवर अनोळखी माणसानं पाठवलेल्या उघडत नाही ना? मग आठवणी लिहून होईपर्यंत ऑफिस बदलायची गरज मला दिसत नाही. मधेच बदललंत आणि मजकूर नव्या फाइलमध्ये घेतलात, तर माझ्या अहवालासारखी तुमची १४० पानं १५५ व्हायची आणि पुन्हा झोप जायची.

विंडोजचं मात्र मुलाला बघायला सांगा. २०१९ च्या मशीनमध्ये विंडोज ११ ला लागणारा प्रोसेसर असू शकतो. 'पीसी हेल्थ चेक' हा कंपनीचाच फुकट प्रोग्रॅम आहे, तो चालवला की होय किंवा नाही असं सरळ उत्तर देतो. होय म्हणाला तर विंडोज ११ फुकट मिळतं आणि त्यावर तुमचं ऑफिस २०१६ चालतं. मुलगा सुट्टीला येणार असेल तर त्याच्यासमोरच करा, आणि आधी सगळ्या फाइली पेन ड्राइव्हवर घ्या.

तुम्ही पत्रासोबत फाइलींची नावं लिहून पाठवलीत : 'आठवणी', 'आठवणी नवीन', 'आठवणी नवीन नवीन' आणि 'आठवणी फायनल नाही'. यातली खरी कोणती, हे तुम्हालाही सांगता आलेलं नाही. फोल्डर उघडा, वर 'डेट मॉडिफाइड' लिहिलंय त्यावर टिचकी मारा आणि सगळ्यात अलीकडची तारीख कोणत्या फाइलची आहे ते बघा. ती उघडून शेवटचं पान वाचा. काल लिहिलेलं तिथं असेल तर तीच तुमची फाइल. बाकीच्या तीन 'जुनं' नावाच्या फोल्डरमध्ये टाका. पुसू मात्र नका, 'नवीन नवीन'मधून वगळलेलं एखादं पान तुम्हाला परत हवं होईल.